पुण्यात मधुमेहाच्या कामात शिरायचंय? काउंटरपासून रुग्णाच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता

‘मेडिकल लाइनला जा, मरण नाही,’ हा सल्ला पुण्यात बारावीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येतो. सल्ला वाईट नाही, पण फार मोघम आहे. मेडिकल लाइन म्हणजे नक्की कुठलं काम, सकाळी उठून कुठे जायचं, हातात काय घ्यायचं, हे न सांगताच सल्ला देणारा निघून गेलेला असतो. म्हणून इथे मी त्या लाइनमधली एकच गल्ली धरतो: मधुमेह.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिएब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पण आकडा मोठा आहे एवढ्यावरून करिअर ठरवू नका. खरं कारण वेगळं आहे. तापाचा पेशंट पाच दिवसांत बरा होतो आणि तुम्हाला विसरतो. मधुमेहाचा पेशंट दर महिन्याला येतो आणि वीस-वीस वर्षं येत राहतो. गोळ्या, इन्सुलिन, सुया, घरी साखर मोजायच्या स्ट्रिप्स, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, पायाची तपासणी. हे रहाटगाडगं न अडखळता चालवणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही.

या कामाला दोन बाजू आहेत, माल आणि माणूस. नुसता माल कळणारा आयुष्यभर रॅकमधून बॉक्स काढून देत राहतो. नुसतं गोड बोलता येणारा चुकीची सिरिंज हातात देऊन मोकळा होतो. पुढे जातो तो दोन्ही कळणारा. शिक्षणाप्रमाणे सुरुवात कुठूनही करा, पण दुसरी बाजू वर्षभरात शिकून घ्यायचीच, हे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

पुण्यात हे शिकायला सोपं आहे, कारण सगळं हाकेच्या अंतरावर आहे. औषधांचा घाऊक बाजार सदाशिव पेठेत. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं संशोधन. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा त्यांनी माग ठेवला आणि दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, असं भारतीय बाळाचं चित्र जगापुढे मांडलं. बावधनला चेलाराम डायबेटिस इन्स्टिट्यूट आहे. ससून आणि पिंपरीचं वायसीएम ही मोठी रुग्णालयं आहेतच. एका बसच्या पासात हे सगळं बघून होतं.

पायरी १: कुठल्या टोकाला उभं राहायचं ते ठरवा

कामं ढोबळमानाने तीन ठिकाणी विभागलेली आहेत. मालाकडची कामं म्हणजे मेडिकल स्टोअर, स्टॉकिस्ट (कंपनीचा माल साठवून दुकानांना पुरवणारा), कंपनीचा डेपो, ऑनलाइन फार्मसीचं गोदाम, एमआरची म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनी-प्रतिनिधीची नोकरी. तपासणीकडची म्हणजे लॅब, घरी जाऊन रक्त घेणं, डोळ्याच्या पडद्याचे फोटो, पायाच्या नसांची तपासणी, डायलिसिस. तिसरी शिकवण्याकडची: डायबेटिस एज्युकेटर (पेशंटला मधुमेह सांभाळायला शिकवणारा), आहारतज्ज्ञ, मधुमेहाच्या दवाखान्यातली सिस्टर, कंपनीच्या पेशंट सपोर्टवरचा माणूस.

आपण कुठले, हे कळायला ऑनलाइन चाचण्या नकोत. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारून संध्याकाळी सात ते नऊ त्याच्या काउंटरमागे उभे राहा. डॉक्टरांचे दवाखाने सुटायची ती वेळ. कुणी चिठ्ठी पुढे करतं, कुणी रिकामी स्ट्रिप दाखवतं, कुणी फोनवरून ‘ती पांढरी गोल, सकाळची’ एवढंच सांगतं. रॅक, बॅच नंबर, एक्सपायरी यांत जीव रमला तर मालाकडे जा. आजोबांना गोळी कधी घ्यायची ते समजावण्यात वेळ गेलेला कळलाच नाही, तर माणसांकडे. दोन्हींचा कंटाळा आला तर दोन तासांत एक करिअर वाचलं म्हणा.

पायरी २: शिक्षण आणि नोंदणी

बारावी सायन्सनंतर सर्वांत जवळचा रस्ता डी.फार्म.चा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतर किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स हवं. बी.फार्म. चार वर्षांचं, त्याला एमएचटी-सीईटी द्यावी लागते, डी.फार्म. झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आता पदविकावाल्यांसाठी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षाही आली आहे, तिचे नियम २०२२ चे आहेत. प्रवेश घेतानाच आपल्या बॅचला ती कशी लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या, शेवटच्या वर्षी नव्हे. शिक्षण संपलं की महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी. ती नसेल तर काउंटरवर तुम्ही मदतनीसच.

नर्सिंगवाल्यांना, जीएनएम असो की बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. मधुमेहाच्या दवाखान्यात त्यांना मागणी चांगली आहे, कारण इंजेक्शन द्यायचा आणि शिकवायचा हात तयार असतो. सरकारी बाजूला आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे गावा-वस्तीतल्या आरोग्य केंद्रांत, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद आहे. तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब तपासणं हे तिथलं रोजचंच काम.

डीएमएलटीवाल्यांचं, म्हणजे लॅब तंत्रज्ञांचा डिप्लोमा केलेल्यांचं, क्षेत्र लॅब. एक गोष्ट पक्की करा. साखरेसाठी रक्त करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये जातं, कारण तिच्यातल्या फ्लोराइडमुळे रक्तपेशी साखर खायच्या थांबतात. एचबीएवनसीसाठी जांभळं टोपण. धनकवडीत सकाळी सातला घेतलेलं रक्त साडेदहाला लॅबला पोचणार असेल, तर चुकीच्या ट्यूबमुळे साखर कमी दिसते आणि पेशंट खूश होऊन घरी शिरा करतो.

आहारशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांनी इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा नजरेसमोर ठेवावी. पुण्यात कर्वे रोडवर एसएनडीटीचा परिसर आहे, तिथल्या मुली या क्षेत्रात बऱ्याच दिसतात. ऑप्टोमेट्रीवाल्यांना डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत काम आहे. महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयासारख्या ठिकाणी मधुमेहाचे डोळे रोज बघायला मिळतात. ऑप्टोमेट्री, डायलिसिस, आहार या पेशांसाठी २०२१ चा सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आहे. त्यामुळे कुठलाही डिप्लोमा घेताना ‘मान्यता कुणाची?’ हा प्रश्न फी विचारायच्या आधी.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी इथवर वाचून लेख बंद करू नये. घाऊक औषधविक्रीत देखरेखीला जो ‘सक्षम माणूस’ लागतो, तो फार्मासिस्टच असावा असं नाही. कुठल्याही विद्यापीठाची पदवी आणि औषधांच्या व्यवहारातला एक वर्षाचा अनुभव, किंवा दहावी आणि चार वर्षांचा अनुभव चालतो. सदाशिव पेठेतले कितीतरी जण पार्सल बांधता बांधताच या व्यवसायात शिरले आहेत.

डायबेटिस एज्युकेटरचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम बरेच निघाले आहेत. नर्स, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ यांच्यासाठी ते उपयोगी. पण तो जोडपदार्थ आहे, मूळ पात्रता नव्हे. नुसत्या एज्युकेटरच्या सर्टिफिकेटवर इंजेक्शन देता येत नाही आणि औषध विकताही येत नाही. जाहिरात काहीही म्हणो.

आता एक कडू गोष्ट. डी.फार्म. होताच कुणीतरी येऊन सांगेल, ‘सर्टिफिकेट दुकानात लाव, महिन्याला पैसे घे, यायची गरज नाही.’ सर्टिफिकेट भाड्याने द्यायची ही पद्धत जुनी आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीवरून राज्यभर रान उठलं होतं, ते याच कारणाने. पकडलं गेलं तर नोंदणीवर गदा येते. आणि नाही पकडलं गेलं, तरी दोन वर्षांनी तुमच्याकडे कागदावर अनुभव असतो आणि डोक्यात काहीच नसतं. मुलाखतीत ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

पायरी ३: माल हाताळायला शिका

कॉलेजात हे शिकवतात, पण फळ्यावर. हातात आलं की वेगळं असतं. म्हणून सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या.

सुरुवात सिरिंजपासून. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुतेकदा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि पेनातलं काडतूस १०० युनिटचं. सिरिंजही तशाच दोन जातींच्या: ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली नारिंगी टोपणाची. ४० च्या कुपीला लालच टोपण जातं. समजा डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत, कुपी ४० ची आहे आणि घाईत नारिंगी टोपणाची सिरिंज गेली. पेशंटने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढते, डॉक्टर डोस वाढवतात आणि चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. उलट प्रकार जास्त धोक्याचा. १०० च्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे सिरिंज देताना ‘काकू, बाटली दाखवता का?’ एवढं विचारायची सवय लावा. लाल आणि नारिंगी हे रंग ट्यूबलाइटखाली फसवे दिसतात, म्हणून टोपणाबरोबर नळीवर छापलेला आकडाही वाचायचा.

मग कोल्ड चेन, म्हणजे माल पेशंटच्या हातात जाईपर्यंत थंड ठेवणं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. उन्हापेक्षाही लोक त्याला बर्फाने जास्त मारतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर छान दिसतं, पण वापरण्यालायक राहत नाही. दुकानातल्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला टेकून बॉक्स लावू नका, फ्रीझरच्या लगेच खालचा कप्पा टाळा. थर्मामीटर आत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. फ्रीजच्या दारावरचा लाल-हिरवा दिवा म्हणजे तापमान नव्हे. पार्सल करताना थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक आणि इन्सुलिनचा बॉक्स यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कागदाची घडी हवी. गोठलेला पॅक थेट टेकला, तर स्वारगेटहून हडपसरला जाईपर्यंत काम तमाम होतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा डिलिव्हरीच्या मुलाने इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला बसू नये, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते कुणीतरी तुम्ही व्हा.

वापरात असलेलं पेन किंवा कुपी साधारण चार आठवडे घरच्या तापमानाला चालते, नेमकी मुदत ब्रँडच्या कागदावर असते. मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या पेशंटला ‘फ्रीजमध्ये ठेवा’ सांगून भागत नाही, तिथे दिवसभर लाइट जाते. मातीच्या मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, आतल्या मडक्यात डब्यात इन्सुलिन. ही पद्धत खरोखर उपयोगी पडते. सांगताना संकोच करू नका.

स्ट्रिप्सचं गणित वेगळं. ग्लुकोमीटर स्वस्तात, प्रसंगी फुकटही मिळतो. धंदा असतो तो स्ट्रिप्सचा. म्हणून ग्राहकाला मीटर देताना त्याची स्ट्रिप कितीला पडते आणि घराजवळ मिळते का, हे आधी सांगावं. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या बिलाशी ताडणारे ग्राहक येतात. उत्तर तयार ठेवा. डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने स्ट्रिप बिघडते, आणि पुण्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे दमट हवाच. डबी उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहून द्या. दहा सेकंदांचं काम आहे, ग्राहक लक्षात ठेवतो. आंबा खाऊन, हात न धुता घेतलेलं रीडिंग खोटं चढतं, हेही त्याच दमात सांगून टाका.

पेनाच्या सुया ४, ५, ६, ८ मिलिमीटरच्या येतात. बहुतेक मोठ्या माणसांना ४ पुरते. लठ्ठ माणसाला लांब सुई लागते हा समज काउंटरवरसुद्धा पक्का बसलेला आहे, तो आधी आपल्या डोक्यातून काढा. पेन दाखवताना आधी २ युनिट हवेत सोडायचे, थेंब दिसला पाहिजे. मग डोस लावायचा, टोचल्यावर दहापर्यंत आकडे मोजून सुई काढायची. ढगाळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत घोळवायचं, खुळखुळ्यासारखं हलवायचं नाही.

सेन्सरबद्दल तरुण ग्राहक हमखास विचारतात, विशेषतः हिंजवडी-खराडीकडचे. दंडाच्या मागे बसवायचा सेन्सर, बाजारात जास्त दिसतो तो १४ दिवस चालणारा. तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून साखर भराभर चढत-उतरत असताना बोटाच्या रीडिंगपेक्षा थोडा मागे राहतो. रात्री त्याच कुशीवर झोपलं की खोटी कमी साखर दाखवतो आणि पहाटे तीनला अलार्म वाजतो. हे आधी सांगितलं नाही, तर सकाळी दुकान उघडायच्या आत ग्राहक भांडायला दारात.

शेवटी वापरलेल्या सुया. त्या घरच्या कचऱ्यात जातात आणि ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक ताईंच्या बोटात घुसतात. जाड प्लास्टिकची बाटली, झाकण पक्कं, वर ‘सुया’ असं लिहिलेलं. भरली की दवाखान्यात किंवा लॅबमध्ये देता येते का ते विचारायचं. तुमच्या दुकानात अशा बाटल्या परत घ्यायची सोय सुरू करता आली, तर ते चांगलं काम आहे. मालक कुरकुरेल. जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या जवळच्या लॅबशी बोलून घ्या, म्हणजे कुरकुर कमी होते.

पायरी ४: माणसाशी बोलायला शिका

‘पथ्य पाळता ना?’ या प्रश्नाला पुण्यात एकच उत्तर मिळतं: ‘हो, एकदम कडक.’ त्यामुळे हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी ‘काका, सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात गेलं, सांगा बरं,’ असं विचारा. मग बिनसाखरेच्या चहाबरोबरची चार खारी बिस्किटं बाहेर येतात. ‘गोड नाही खात’ म्हणणाऱ्या आजींची दुपारची वाटीभर साबुदाण्याची खिचडी बाहेर येते. उपवासाचं इथे फार बघावं लागतं. चतुर्थी, एकादशी, नवरात्र. इन्सुलिन किंवा साखर पाडणारी गोळी घेऊन दिवसभर कोरडं राहिलं तर साखर खाली जाते, आणि संध्याकाळी साबुदाणा-बटाट्यावर ताव मारला तर वर. ‘उपवास सोडा’ म्हणणं सोपं आहे, पण आजी सोडत नाहीत आणि तुमच्याकडे परत येत नाहीत. उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या, भगर-राजगिऱ्याचा वाटा आटोपशीर ठेवा, सोबत ताक, दाणे घ्या, हे सांगणं जमतं.

साखर खाली जाण्याची लक्षणं आणि उपाय तोंडपाठ हवा. ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, चिडचिड होऊ लागली की साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे घरच्या माणसाला सांगायचं, पेशंटला एकट्याला नव्हे. त्या वेळी पेशंटला सुचत नसतं.

ज्यांना इन्सुलिन घेऊन पाच-दहा वर्षं झालीत, त्यांचं पोट किंवा मांडी बघायची विनंती करा, बाईमाणूस असेल तर सिस्टरसमोर. एकाच जागी टोचून टोचून तिथे गाठ आलेली असते. टोचल्यावर तिथे दुखत नाही, म्हणून लोक तीच जागा पकडतात, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बोट फिरवलं की रबरासारखं लागतं. साखर वर-खाली होण्याचं कोडं कधीकधी तिथेच सुटतं.

पाय हा वेगळा आणि पुण्यात अजून बराच मोकळा असलेला प्रांत आहे. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तळव्याची संवेदना तपासायला शिकणं अवघड नाही. नायलॉनचा तो दोरा वाकेपर्यंत दाबायचा, पेशंटने डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं. एमसीआरच्या (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला, आतले सोल, भेगा, नखं कापायची रीत, देवळात उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं टाळणं, हे सगळं या कामात येतं. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा वारकऱ्यांच्या पायांची सेवा करणारी वैद्यकीय पथकं असतात. त्यांच्याबरोबर एक दिवस काढा. दिवसभरात इतके पाय बघायला मिळतात की वर्गात ते शक्य नाही.

आणि कुंपण कुठे आहे तेही ठाऊक हवं. डोस बदलायचा नाही, गोळी बंद करा म्हणायचं नाही, रिपोर्ट वाचून निदान सांगायचं नाही. ‘हे डॉक्टरांना दाखवा, आजच दाखवा’ इतकं ठामपणे म्हणता आलं म्हणजे पुष्कळ झालं. ग्राहक आग्रह करतातच: ‘तूच सांग रे, डॉक्टर पाचशे घेतात.’ हसून नाही म्हणायचं.

पायरी ५: काम कुठे शोधायचं

किरकोळ दुकानासाठी घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्याजवळचं मेडिकल बघा. साखळी दुकानांत पगार वेळेवर आणि शिफ्ट ठरलेली. मालकाच्या एका दुकानात शिकायला जास्त, रजा कमी. पहिलं वर्ष मी तरी दुसरं सुचवेन. एक्सपायरीचा माल परत करणं, ब्रेकेज, उधारीची वही, स्टॉकिस्टशी घासाघीस, सगळं तिथे हाताखालून जातं.

घाऊक बाजूला सदाशिव पेठेत सकाळी अकरानंतर जाऊन प्रत्यक्ष विचारणं अजूनही चालतं. अर्ज मेलवर टाकून बसलात तर बसूनच राहाल. मोठी गोदामं वाघोली, चाकण, फुरसुंगी या पट्ट्यात आहेत. तिथे कोल्ड चेन सांभाळणारा, तापमानाच्या नोंदी नीट ठेवणारा माणूस सहज मिळत नाही, म्हणून ते काम येत असेल तर बायोडेटात पहिल्या ओळीत लिहा.

इस्पितळांत एचआरला अर्ज द्याच, पण मधुमेह विभागातल्या सिस्टरला किंवा आहारतज्ज्ञाला भेटून ‘काही दिवस बसून बघू का?’ असं विचारा. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस. त्या आठवड्यात शहरभर शिबिरं होतात आणि सगळ्यांना हात कमी पडतात. तिथे टेबल लावण्यापासून सुरुवात करून दुपारपर्यंत साखर तपासायला बसलेले लोक मी पाहिले आहेत. ओळखी तिथे होतात.

कंपनीच्या पेशंट सपोर्टची नोकरी तरुणांना आवडते. गाडीवर फिरून पेशंटला पेन शिकवायचं, फोनवर पाठपुरावा करायचा. बऱ्याचदा पगार कंपनीकडून नाही, मधल्या एजन्सीकडून होतो. शिकायला उत्तम, पण तुम्ही दवाखान्यात बसलेले असता आणि पगार एका ब्रँडचा असतो, ही ओढाताण समजून घ्या. शिकवताना सर्व पेनांचं शिकवा. डॉक्टर ते बघतात आणि पुढची नोकरी त्यातूनच निघते.

पायरी ६: स्वतःचं काही टाकायचं असेल तर

किरकोळ दुकानाला नमुना २० आणि २१ चा परवाना, घाऊकला २०बी आणि २१बी. इन्सुलिन कायद्यातल्या शेड्यूल सी या यादीत येतं, म्हणून २१ किंवा २१बी शिवाय ते ठेवता येत नाही. जागा किमान १० चौरस मीटर, किरकोळ-घाऊक एकत्र असेल तर १५. फ्रीज, जागेची कागदपत्रं, फार्मासिस्टची नोंदणी आणि नेमणूकपत्र तयार ठेवून अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे. औषधं न ठेवता नुसते ग्लुकोमीटर, सुया, सेन्सर विकायचे असतील, तर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली एमडी-४२ ही नोंदणी घ्यावी लागते.

नफ्याचं चित्र आधीच स्वच्छ असू दे. किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के गृहीत धरलेले असतात, बाकीच्यांत साधारण २०. त्यातून ऑनलाइनच्या सवलतींशी स्पर्धा करायला गेलात तर भाडंही निघणार नाही. टिकायचं असेल तर महिन्याचा ग्राहक बांधायचा: कुणाची गोळी कुठल्या तारखेला संपते त्याची वही, दोन दिवस आधी फोन, घरपोच इन्सुलिन थंड डब्यात. ही वही म्हणजे लोकांच्या आजाराची माहिती आहे, ती विचारल्याशिवाय एमआरला दाखवायची नाही.

पायरी ७: होकार देण्याआधी

‘मधुमेह मुळापासून बरा’ असं सांगून चूर्ण, काढे, मशिनं विकणाऱ्यांची भरती वर्षभर चालू असते, कमिशनही घसघशीत असतं. १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. बरा करण्याची जाहिरात करणंच गुन्हा आहे. इन्सुलिन सोडून काढा घेतलेला टाइप १ चा, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा, मुलगा काही दिवसांत आयसीयूत जातो. अशा ठिकाणी मुलाखतीलाही जाऊ नका.

बाकी ठिकाणी हे विचारून लेखी घ्या: पगार नेमका कोण देणार, पीएफ आहे का, पेट्रोल आणि मोबाइलचे पैसे पगारात धरलेत की वेगळे, टार्गेट विक्रीचं आहे की पेशंटच्या संख्येचं, रविवारची पाळी किती, आणि सुई टोचली गेली तर तपासणीचा व औषधाचा खर्च कोण करणार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर हेपटायटिस बीची लस रुजू व्हायच्या आधी स्वतःच्या पैशाने घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात.